शब्बीरचा पूर

शब्बीरमामा, माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी तुमचं नाव घेतो. आईवडिलांच्याही आधी. आईला हे माहीत आहे आणि तिला त्याचं वाईट वाटत नाही. ती म्हणते, "आमी जन्म दिला, पुढचं त्येनी बघितलं."

तुम्हाला जाऊन आठवडा झाला. शिरूरच्या एसटी स्टँडसमोरचा तुमचा पेपरचा स्टॉल अजून बंद आहे. फळा भिंतीला तोंड करून उभा केलाय. सलीम म्हणाला, "अब्बांचं शेवटचं अक्षर आहे त्याच्यावर, पुसायला हात होईना." मी फळा वळवून बघितला नाही. काय लिहिलं असेल याचा अंदाज होता. उन्हाळा आहे, म्हणजे उन्हाचंच असणार.

तुमचा जन्म कुठला, पेपरची एजन्सी कधी घेतली, वार्ताहर म्हणून किती काळ बातम्या पाठवल्या, हे लिहायला इतर लोक आहेत. मला तुमच्याशी एका भांडणाविषयी बोलायचं आहे. ते आपण मिटवलं नाही आणि आता ते माझ्या एकट्याकडं राहिलंय.

तुम्हाला आठवत असेल, आबा मला घेऊन पहिल्यांदा स्टँडवर आले तेव्हा त्यांनी तुम्हालाच विचारलं होतं, कॉलेज कुठंशी आलं. आमच्या घरात तोवर कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. आजोबांचा जन्म मेंढरामागं गेला. आबांनी वडगाव रासाईला नदीकाठी रान धरलं, घर बांधलं, पण थोडी मेंढरं ठेवलीच. मेंढरं नसली तर झोप लागत नाही म्हणायचे. तुम्ही आबांना म्हणालात, "कालेज तिकडं हाय. पण पोरगं ऱ्हाणार कुठं?"  तुम्ही स्टॉलमागची खोली दाखवलीत. तिथं न खपलेल्या पेपरचे गठ्ठे असायचे. त्या गठ्ठ्यांवर मी पाच वर्षं झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही हाक मारलीत, "काय ग्रॅज्युएट, उठला का?"

मी अकरावीत होतो. अजून पुस्तकं घेतली नव्हती. पण त्या दिवसापासून तुम्ही मला दुसऱ्या नावानं बोलावलं नाही. स्टँडवरचे हमाल, कंडक्टर, कॅन्टीनवाला, सगळे मला ग्रॅज्युएट म्हणायला लागले. आज वाटतं, नापास व्हायचं माझ्या डोक्यात आलं नाही ते त्यामुळंच. सगळा स्टँड ज्याला ग्रॅज्युएट म्हणतो त्यानं बारावीत गटांगळी खाऊन कसं चालेल?

पेपर वाचायला तुम्हीच शिकवलंत. आधी घडी न मोडता वाचायला. न खपलेला अंक परत जायचा, तो कोरा दिसला पाहिजे. अंक टेबलावर ठेवायचा, पान कोपऱ्याला धरून अर्धंच उचलायचं, मान वाकडी करून आतलं वाचायचं. मी आजही पेपर तसाच वाचतो. दौंडला कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सगळे हसतात. विकत घेतलेला पेपर पण मी चोरून वाचतो म्हणतात.

मग तुम्ही फळा माझ्याकडं दिलात. माझं अक्षर बरं होतं. सकाळी पुण्याहून गाडी आली, शिक्रापूरच्या ट्रकांच्या रांगेतून सुटून गठ्ठे पडले, की पुरवण्या घालायच्या आणि फळ्यावर दिवसाची बातमी खडूनं लिहायची. एसटीतून उतरणारा माणूस फळा वाचून पेपर घ्यायचा. आपलं पहिलं भांडण तिथलंच. पेपरात छापलेलं असायचं, 'घोड नदीच्या पाण्यात वाढ'. मी तेच लिहायचो. तुम्ही चहाचा कप हातात घेऊन मागं उभे.

"ह्यानं कोण थांबंल? लिही, घोड खवळली."

"मामा, पाणी पुलाच्या निम्म्यालाबी नाही."

"नदीला वाचता येत न्हाई. लोकांस्नी येतं. लिही."

"पण छापलंय तसं—"

"आन् अक्षर जरा मोठं काढ. अक्षर मोठं काढलं की बातमी आपोआप मोठी हुती."

मी लिहायचो. फळा तुमचा, खोली तुमची. पण 'खवळली' जरा बारीक अक्षरात काढायचो आणि तुम्ही ते ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा स्वतः लिहायचात. तुमचं अक्षर भयंकर होतं. बातमीला ते शोभायचं.

तुम्ही खोटारडे होता असं मी कधी म्हटलं नाही. तुमचं म्हणणं मला पाठ आहे. पुणं लांब आहे. हळू बोललं तर तिथं ऐकू जात नाही. शिरूरची बातमी पुण्याच्या टेबलावर पोचते तेव्हा तिच्या शेजारी मुंबई असते, दिल्ली असते. तिथं आपलं एवढंसं पाणी कोण बघणार? म्हणून ते थोडं फुगवून पाठवायचं, म्हणजे तिथं पोचेपर्यंत आटून बरोबर मापाचं होतं. हे तुम्ही इतक्या गंभीरपणे सांगायचात की मला वाटायचं, तारेतून बातमी खरंच आटत असावी.

मग ते पावसाळ्याचे दिवस आले. मी शेवटच्या वर्षाला होतो. वरच्या धरणांतून पाणी सोडलं, भीमा भरली आणि आमच्या गावच्या खालच्या रानात शिरली. तुम्ही बातमी पाठवलीत. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर खालच्या कोपऱ्यात छापून आलं, 'वडगाव रासाई पाण्याखाली'. तुम्ही शेवटपर्यंत सांगत होता की मी 'पाण्याखाली जाण्याची भीती' असं पाठवलं होतं, भीती पुण्याच्या लोकांनी कापली. कापलीही असेल. पण फळ्यावर मात्र तुम्ही तुमच्या हातानं लिहिलंत, 'वडगाव बुडालं'. मी तेव्हा गावाकडंच होतो, कोरड्या ओट्यावर.

आमच्यात रीत आहे. सोयऱ्याच्या घरावर संकट आलं, चूल बंद पडली, की जवळच्यांनी भाकरी बांधून जायचं. राहूची माझी आत्या, तिचे दीर, जावा, पोरं, सगळी ट्रॉलीत बसून आली. फडक्यात भाकरी, ठेचा, पातेल्यात पिठलं. वेशीपासूनच आत्यानं गळा काढला. आबा ओट्यावर बसून मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "कोण गेलं?"

आत्या रडायची थांबली. घराकडं बघितलं, गोठ्याकडं बघितलं. आई दारात तांदूळ निवडत होती.

आबा म्हणाले, "अगं, नदीच्या पुलावरनंच आलीस नव्हं? पाणी दिसलं न्हाई व्हय किती हाय ते?"

"दिसलं की. लई खाली व्हतं."

"मग?"

"पण दादा, पेपरात व्हतं ना!"

हे वाक्य मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही स्टॉलच्या फळीवर डोकं टेकून हसलात. मला मात्र ते हसून सोडून देता आलं नाही. डोळ्यांनी बघितलेलं पाणी आणि कागदावरचं पाणी यात आत्यानं कागद धरला. आणलेल्या भाकरी सगळ्यांनी आमच्याच ओट्यावर बसून खाल्ल्या. आबा म्हणाले, "आता आलाच हायसा, तर वरच्या रानात कांदा लावायचा ऱ्हायलाय." त्यांनी खरंच दिवसभर कांदा लावला आणि संध्याकाळी परत गेली.

त्या दिवसापासून गावात एक म्हण पडली. कुणी उगाच बोभाटा केला, पोराला साधा ताप आला आणि बाईनं रडून गल्ली गोळा केली, की लोक म्हणायचे, "शब्बीरचा पूर हाय, बसा गप." तुम्ही गावात आलात की पोरंसुद्धा विचारायची, "मामा, आज किती पाणी?" तुम्ही डोक्याच्या वर हात करून दाखवायचात. तुम्हाला ते आवडायचं, असं मला वाटतं.

त्यातलं तुमच्या बाजूचं मी विसरलेलो नाही. त्याच बातमीनंतर मोठे साहेब आले, आमच्या ओढ्यावरच्या पुलाची मागणी वर गेली आणि पूल झाला. तुम्ही मला दर वेळी त्या पुलावर थांबवून विचारायचात, "ह्यो कुणाचा? खऱ्या बातमीचा का खोट्या?" मला उत्तर देता यायचं नाही. आजही येत नाही. आबांची औषधं आणायला मी त्याच पुलावरून जातो.

मी ग्रॅज्युएट झालो. भूगोल घेऊन पुढंही शिकलो आणि दौंडला ज्युनियर कॉलेजात लागलो. तिथं लागल्यानंतरच्या एका पावसाळ्यात पुन्हा पाणी सोडलं. तुम्ही बातमी दिलीत, फळ्यावर लिहिलंत, आणि या वेळी स्वतः एसटीच्या ड्रायव्हरबरोबर गावाला निरोप धाडलात, 'नदीकाठ सोडा, पाणी मोठं आहे'. निरोप पोचला. पारावर वाचला गेला. लोक हसले. आबा पण हसले. खालच्या गाळाच्या रानात मेंढरांभोवती जाळी, आमची वाघर, लावलेली होती. आबा म्हणाले, "शब्बीरचा पूर हाय. सकाळच्याला हालवू."

सकाळी जाळी नव्हती, मेंढरं नव्हती आणि ते रानही नव्हतं.

माणूस एकही गेला नाही, रात्रीच सगळी ओढ्यावरच्या पुलावरून वर पळाली, हे लोक सांगतात आणि ते खरं आहे. माझ्या घरातून जे गेलं ते मेंढरांत मोजण्यासारखं नव्हतं. आजोबांच्या आजोबांपासून आम्ही ज्याच्या मागं चालत आलो ते एका सकाळी संपलं. आबा घरी येऊन घोंगडी अंथरून पडले. रडले नाहीत.

पाणी उतरल्यावर तुम्ही न्हावऱ्यावरून स्कूटर घेऊन आलात. गळ्यात कॅमेरा नव्हता. चिखलात चप्पल रुतली ती काढली नाहीत, तसेच अनवाणी ओट्यापर्यंत आलात. मी दौंडहून आलेलो होतो. तुम्हाला बघून माझ्या तोंडात शब्द तयार होते. पण आबाच आधी बोलले.

"या शब्बीरभाई. बसा."

"आबा, या टायमाला मी खरं—"

"व्हय. निरोप आला व्हता."

"तुमी हसला असाल."

"हसलो. नदी माझ्या दाराशी हाय. मी वाकून बघायला पायजे व्हतं. पेपर म्हंजी काय नदी हाय व्हय?"

तुम्ही वळलात. पाणीही न पिता गेलात. मी तुमच्यामागं वेशीपर्यंत आलो आणि मला जे म्हणायचं होतं ते तिथं म्हणालो: त्या वेळी ओरडला नसता तर या वेळी ऐकलं असतं. तुम्ही स्कूटरला किक मारत म्हणालात, "आन् त्या वेळी ओरडलो नसतो तर ज्या पुलावरनं माणसं वर पळाली त्यो पूल असता का?"

त्यानंतर वर्षभर तुम्ही आमच्या गावात पाय ठेवला नाहीत. बाकी सगळीकडं फिरत होता. मी शिरूरला आलो की स्टॉलवर थांबायचो, चहा व्हायचा, पण नदीवर बोलणं व्हायचं नाही. एक फरक मला दिसला होता. फळ्यावर तुम्ही पावसाची बातमी लिहिणं सोडलं होतं. चोरी, अपघात, निवडणूक, सगळं पहिल्यासारखंच भडक. पावसाची जागा मात्र कोरी. मी त्यावर काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, खडू संपला.

मग चॅनलवाले आले. भीमेला जरासं पाणी आलं की पुण्याहून गाडी यायची, वर छत्री लावलेली. असाच एक तरणा रिपोर्टर वाट दाखवायला तुम्हाला बरोबर घेऊन गेला. घोट्याएवढ्या पाण्यात, सखल उसाच्या कडेला तो फतकल मारून बसला, पाणी त्याच्या कमरेपर्यंत आलं, आणि तो हात हलवून सांगायला लागला की इथं जलप्रलय आलाय, बघा पाणी कुठवर आहे. सगळ्या तालुक्यानं ते टीव्हीवर बघितलं. कारण त्याच्या मागं तुम्ही उभे होता, पॅन्ट जरा वर दुमडून, पेरू खात. पाणी तुमच्या घोट्याला.

मी फोन केला तेव्हा तुम्ही निष्पाप आवाजात म्हणालात, "मला काय ठावं, कॅमेरा चालू हाय म्हणून?"

"मामा, तुम्ही कॅमेऱ्याकडं बघून हसलात."

"पेरू गोड व्हता."

ते मुद्दाम केलं होतं का, हे मी तुमच्याकडून शेवटपर्यंत काढून घेऊ शकलो नाही. माझा स्वतःचा कौल तुम्हाला माहीत आहे.

नंतरच्या काळात नदीच्या जागी सगळं आभाळच आलं. गारपीट झाली, ग्लोबल वॉर्मिंग. थंडी पडली, ग्लोबल वॉर्मिंग. नाही पडली, तरी तेच. पुण्याहून तुम्हाला फोन यायचा, तुमच्या तालुक्यातला तापमानवाढीचा परिणाम पाठवा, फोटोसह. मग तुम्ही मला फोन लावायचात.

"ग्रॅज्युएट, ते ग्लोबल वॉर्मिंग आपल्याकडं कुठंशी आलंय रं? फोटो काढून धाडायचाय."

"त्याचा फोटो निघत नाही, मामा."

"एक बोर अवकाळी मव्हारलीय. चालंल?"

"एका बोरीवरून काही सांगता येत नाही."

"मग किती बोरी लागतील ते सांग."

मी तुम्हाला समजावायचो. तापतंय हे खरं आहे, मी ते वर्गात शिकवतो. पण ते वर्षानुवर्षांच्या नोंदींतून कळतं, एका दुपारच्या उन्हावरून नाही. तुम्ही शांतपणे ऐकून घ्यायचात आणि विचारायचात, "तापतंय ना? मग मी खोटं काय लिवलं?"

माझी खरी भीती मी तुम्हाला एकदाच सांगितली, दौंड स्टेशनच्या बाकावर, तुम्ही तपासणीला पुण्याला निघाला होता तेव्हा. वर्गात एक मुलगा उठून म्हणाला होता, "सर, टीव्हीवर दाखवलं जग बुडणार आहे, मग बोर्डाचा फॉर्म भरायचा का?" वर्ग हसला, मीही हसलो. पण पुढच्या आठवड्यात मी तापमानवाढीचा धडा काढला तेव्हा मुलं तशीच हसली. म्हणाली, "सर, ते टीव्हीवालंच ना?" मी फळ्याकडं वळलो आणि मला आमचा पार दिसला. निरोप वाचला जातोय आणि लोक हसताहेत. मी तुम्हाला म्हणालो, "मामा, सगळ्या पृथ्वीचाच शब्बीरचा पूर होऊन बसेल अशी भीती वाटते."

तुम्हाला ते लागलं असेल. तुम्ही रुळांकडं बघत राहिलात. मग म्हणालात, "तू इतकी वर्सं हळू बोलतूस. तुझं तरी कुणी ऐकलं का?"

गाडी आली आणि तुम्ही चढलात. मी पिशवी वर दिली. आपलं भांडण तिथं थांबलं ते थांबलंच, कारण त्यानंतर किडनीचं निघालं आणि पुण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. दवाखान्यातून आलेल्या माणसाशी हवामानावर कोण भांडतं?

तुमच्या मातीला मोठी गर्दी होती. कब्रस्तानातून आम्ही घराकडं परत आलो तेव्हा ऊन भयंकर होतं, हे मला कबूल करायला हवं. तुम्ही तयार केलेला संतोष, आता तुमच्या जागी तोच बातम्या पाठवतो, मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, उष्माघात टाकू का?"

मला आधी समजलंच नाही.

"आज सगळीकडं उन्हाचीच बातमी आहे. पुण्याहून विचारतायत, शिरूरला कुणी गेलं का उन्हानं. मामा सकाळी गेले, काल दुपारी स्टॉलवर बसले होते. उष्माघात म्हटलं तर फोटोसकट पहिल्या पानावर जाईल. नाहीतर आत, दोन ओळी."

सलीम जवळच होता. तो म्हणाला, "टाक. अब्बांचा फोटो पहिल्या पानावर कधी आला नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या बातम्या तिथं पोचवल्या. आता त्यांची तर जाऊ दे."

आणि मामा, दोघं माझ्याकडं बघायला लागले. तुम्हीच लावलेली सवय. अडलं की ग्रॅज्युएटला विचारा. माझं उत्तर वर्गात तयार असतं. तिथं नव्हतं. सलीमचं खरं होतं. तुम्हाला पहिलं पान किती प्यारं होतं ते मला ठाऊक आहे. तुम्ही जिवंत असता आणि दुसऱ्या कुणाची मयत असती तर तुम्ही विचारायलाही थांबला नसता. तुमचं मन ठेवायचं तर 'हो' म्हणायचं, आणि तुमच्याशी इतकी वर्षं भांडलो त्याचा मान ठेवायचा तर 'नाही'. 

दाराच्या आत मामी बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या तिथूनच म्हणाल्या, "संतोष, दोन वर्सं बीमारी मी काढली. पानी मोजून पाजलं, मीठ तोडलं, रात-रात पाय चेपले. ते समदं उन्हाच्या नावावर घालतूस व्हय?"

 सलीमनं मान खाली घातली.

मी संतोषला म्हणालो, "दीर्घ आजारानं, असं लिही."

"सर, आतल्या पानावर जाईल."

"जाऊ दे."

गेलं, मामा. आतल्या पानावर, दोन ओळी, फोटो नाही. तुमचं पहिलं पान आम्ही घालवलं. तुम्ही असता तर काय म्हणाला असता ते मी या आठवड्यात अनेक प्रकारे ऐकून बघितलं. दर वेळी तुमचा आवाज वेगळाच लागतो. कधी शिवी देता. कधी त्या पेरू खाणाऱ्या माणसासारखं नुसतं हसता.

एवढं मात्र सांगतो. माती झाली त्याच संध्याकाळी मी गावाकडं गेलो. आबांना आता नीट दिसत नाही. त्यांना सांगितलं तेव्हा ते उठून बसले. मग आईला म्हणाले, "भाकरी बांध."

आई म्हणाली, "सकाळी न्हील त्यो."

"आत्ता बांध. ह्या टायमाला खरं हाय."

त्या भाकरी मी तुमच्या घरी पोचवल्या. मामींनी फडकं ओळखलं नाही, पण सोडताना विचारलं, "आबांनी दिल्या?" आणि त्यातली एक मोडून सलीमच्या हातात दिली.

तुमचे आभार मानायचे राहून गेले असं लोक लिहितात तसं मी लिहिणार नाही. आपल्यात आभाराची पद्धत नव्हती. एक पत्र मात्र मी तुम्हाला पाठवलं होतं, मेंढरं गेली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात, तुम्ही गावाकडं फिरकत नव्हता तेव्हा. मी पत्र आधी कच्चं लिहितो, मग पक्कं. पक्कं तुमच्याकडं आलं आणि त्यानंतरच्या रविवारी तुम्ही आलात. आबांच्या शेजारी बसून जेवलात. नदीचं नाव दोघांनीही काढलं नाही. कच्चं माझ्याकडं आहे. ते असं आहे.

"ती. शब्बीरमामांस,
सा. न. वि. वि.
मी सुट्टीला गावी आलो आहे. काल इथं पाऊस झाला. मोठा नव्हता, अगदी लहानही नव्हता. ओढ्याला पाणी आलं, ते पुलाखालून गेलं. नदी तिच्या जागी आहे. मी स्वतः काठावर जाऊन बघून आलो आहे.
आबांनी चार मेंढ्या घेतल्या. आई नको म्हणत होती. त्यांना आता झोप लागते.
आबा तुमची चौकशी करतात. तुम्ही चप्पल इथंच टाकून गेलात, ती आईनं धुऊन वळचणीला ठेवली आहे.
ही बातमी म्हणून कळवत नाही, फळ्यावर लिहू नये. भाकरी बांधून कुणी यावं असं इथं काहीही घडलेलं नाही. तुम्ही तसेच या.
तुमचा,
ग्रॅज्युएट"